अर्धी घोडी

डोक्यावर बांगड्यांची टोपली आणि मागून ऐटीत चालणारी रिकामी घोडी! हुस्नाबानो अशी मंगरूळपीरहून बाजाराला निघाली की वाटेवरचे गाडीवान पोट धरून हसायचे. मला हसू येत नसे. तिच्या मागे हळदीचं पोतं पाठीवर घेऊन मीच चाललेला असे, आणि घोडी अर्धी माझी होती.

ती बांगड्या भरायची, मी हळद-कुंकू विकायचो. तिचा नवरा रज्जाक माझा दोस्त. तो वारल्यावर शिंगरू आम्ही दोघांनी मिळून घेतलं. वाटलं, चला, ओझ्यातून पाठ सुटली. कसली सुटते! बाई त्याच्यावर चिमूटभर ओझं ठेवू देईना. रोज सकाळी दोरी धरून त्याला अंगणात फिरवायची. ती थांबली की त्याने थांबायचं, तिने छातीला बोट लावलं की मागे सरायचं, पायावर थाप मारली की खूर तिच्या हातात द्यायचा. मग तान्ह्या पोराचे कान पुसावेत तशी ती खुरातली काळी माती काडीने कोरत बसायची. आवाजाला बुजू नये म्हणून फुटक्या काचांची पिशवी त्याच्या पाठीवर बांधून खुळखुळवायची. म्हणजे फुटक्या काचा चालत होत्या, माझी हळद तेवढी जड होत होती.

"भाबी, घोडी हाये का नवरी? माझ्या अर्ध्यावर तरी लादू दे!"

"हाडं कोवळी हायेत, जगदेवभाऊ. पुढच्या साली."

पुढच्या साली हाडं भरली, तर खूर चिखलाने मऊ पडले होते. पुन्हा पुढचं साल. मी कपाळाला हात लावला.

शेवटी लादली ती आसेगावला, उकंडराव पाटलांच्या मुलीच्या लग्नाला. तिथे आधी हुस्नाबानोची सासू बांगड्या भरायची, तिच्यामागे ही. नवरीची आई धनीबाई, तिच्या लग्नातला चुडाही हुस्नाबानोनेच भरलेला. आता कारंज्याचा एक बांगडीवाला त्या गावावर डोळा ठेवून होता. पाटलाच्या नवरीचा चुडा जो भरेल, गाव त्याचं. दिवे लागायच्या आत या, असा धनीबाईचा निरोप होता.

निम्मी वाट सरली आणि हुस्नाबानो थांबली. घोडी पुढचा पाय हलका टाकते, म्हणाली. मला काही दिसेना. तिने खूर उचलला, आत रुतलेला खडा काढला आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. घोडीने अंग चोरलं.

"ओझं उतरवा, भाऊ."

"खडा निघाला ना? तिकडे गाव हातचं जाऊन राह्यलं!"

"आज चालन ते. मंग जनमभर लंगडन."

"मंग तुझी अर्धी उतरव. माझी चालू दे!" रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

"दुखरा पाय तुमच्याच अर्ध्यातला हाये समजा," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली. मी शिव्या घालत पोतं उचललं.

पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. नवरीचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. हळदही कारंजेवाल्यानेच आणली होती.

"काहून वं उशीर केला?" धनीबाई कळवळली. "किती वाट पाह्यली तुयी!"

हुस्नाबानो नवरीच्या हातांकडे बघत राहिली. "लय गोड दिसून राह्यले," एवढंच बोलली. मग तिने चुलीवरचं कोमट पाणी मागितलं, घोडीसाठी.

मला संताप आला. यासाठी पाठ मोडून घेतली होती का मी? तेवढ्यात ती खाली बसली आणि घोडीच्या पायावर थाप मारली. वाजंत्री कडाडत होती, पोरं ओरडत होती. घोडीने शांतपणे खूर उचलून तिच्या हातात दिला. तो हातात धरूनच बाई हुंदके देऊन रडायला लागली.

मी पोत्याचं तोंड सोडलं. नवरीसाठी निवडून आणलेली हळद पाण्यात कालवली आणि खुराला थापली.

"रडू नको, भाबी. अर्धी माझी हाये."

आसेगाव पुन्हा मिळालं नाही. घोडीने मात्र पुढे कितीतरी वर्षं आम्हा दोघांची ओझी वाहिली आणि कधी लंगडली नाही. पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी हुस्नाबानोने टोपलीला हात घातला, तेव्हा ती मी हिसकावून घेतली. टोपली डोक्यावर, पोतं पाठीवर, मागून दोघी रिकाम्या. वाटेत गाडीवान हसायला लागले.

"हसा लेको," मी ओरडलो. "तिचा पाय दुखून राह्यला!"