वारा पडला त्या दुपारी

पिंगळीजवळच्या वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर आहे. कुठल्या गावाची लाईन बंद करायची याचे हुकूम परभणीहून फोनवर येतात. बटण मात्र मला दाबावं लागतं.

त्यातल्याच एका गावात माझे शाळेतले गुरुजी राहायचे. त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती. विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन दिवसभर उशाशी घरघरत असे, आणि लाईट गेली तर असावा म्हणून एक भरलेला सिलिंडर कोपऱ्यात उभा असे.

गेल्या पावसाळ्यात आषाढापासून वारा असा सुटला की भारनियमन आम्ही विसरूनच गेलो. डोंगरपट्ट्यातल्या पवनचक्क्या जोरात होत्या. गुरुजींना भेटायला गेलो तेव्हा मी जाणकाराच्या थाटात सांगून आलो, "आता लाईट जात नसती गुरुजी. वारा लय हाय."

भादव्यात एका दुपारी वारा पडला. लिंबाचं पान हलेना. पावसानं ओढ दिलेली, सोयाबीन सुकायला लागलेलं, त्यामुळं शिवारातले सगळे पंप चालू होते. चारच्या सुमाराला परभणीहून साहेबांचा फोन आला.

"गावाकडचा फीडर बंद कर. लगेच." फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन; हा गुरुजींच्या गावाचा होता.

"साहेब, त्या लाईनीवर एक पेशंट हाय. ऑक्सिजनवर."

"प्रत्येक लाईनीवर कुणीतरी असतंच. पवनचक्क्यांची वीज अंदाजापेक्षा फार खाली आलीय. वारा होता म्हणून कोळशावरचे वीजसंच बंद ठेवले होते, ते सुरू व्हायला कित्येक तास लागतात. तोवर वापर कमी केला नाही तर सगळीकडचीच वीज जाईल."

त्यांचं काही चूक नव्हतं. ज्या क्षणाला जेवढी वीज तयार होते तेवढीच त्या क्षणाला वापरायची असते, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. मी घाईनं गुरुजींच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, आमच्या बाईंनी, उचलला.

"बाई, लाईट जायलीय. सिलिंडर लावा."

त्या म्हणाल्या, "सिलिंडर कुठंय बाबा? तूच म्हणलास न्हवं, लाईट जात नसती म्हणून. पलीकडच्या गल्लीत एकाला लय गरज होती, त्याला दिला."

तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. मी बटण दाबलं. मीटरचा काटा शून्यावर आला.

उपकेंद्र सोडून जाता येत नव्हतं. गावातल्या किराणा दुकानदाराकडे इन्व्हर्टर होता, त्याला फोन केला. त्यानं काही न विचारता दुकान तसंच उघडं टाकलं, इन्व्हर्टर आणि बॅटरी हातगाड्यावर घातली आणि ढकलत नेली. मशीन सुरू झाल्याचा त्याचा फोन यायला वीस मिनिटं लागली. तोवर मी खुर्चीत बसलो नव्हतो.

ड्युटी संपल्यावर गेलो. गुरुजी उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. बाईंनी आपला हात पुढं केला. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"सोडलाच न्हाई त्यांनी हात," एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी गुरुजींना थोडं बोलता यायला लागलं. एकेक शब्द तोडत त्यांनी विचारलं, "वारा पडणार हाय, हे तुला माहीत होतं?"

"न्हाई गुरुजी."

"मग टिकणार हाय, हे तरी कुठं माहीत होतं?"

वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसा त्यांचा आवाज होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्याआधी गुरुजींची मुलगी दोघांना परभणीला घेऊन गेली. तिचं घर दवाखान्याच्या लाईनीवर आहे, ती सहसा तोडत नाहीत. माझ्या फीडरांवर कुणाकुणाच्या घरी अशी मशीनं आहेत याची यादी मी गावोगाव फिरून केली आणि ऑफिसात दिली. साहेबांनी ती वाचली, वरती पाठवतो म्हणाले. अजून उत्तर नाही.

काल गुरुजींच्या मुलीला फोन केला. गुरुजी जागे होते, पण बोलायला नको म्हणाले, असं तिनं सांगितलं. दम लागतो म्हणून, की दुसरं काही, हे मी विचारलं नाही.