भावोजींच्या घरातली झुरळं

भावोजींनी पाठीवर पंप घेऊन फवारणीचा धंदा काढला आणि गावभरची झुरळं मारली. त्यांच्याच स्वयंपाकघरात मात्र झुरळं मोकाट फिरायची. लोक हसत, म्हणत, “दिव्याखाली अंधार.” हसायला काय जातंय? माझ्या ताईला दमा होता, औषधाच्या नुसत्या वासानं तिचा जीव घुसमटायचा. म्हणून भावोजी घरातली झुरळं चपलेनं मारत आणि कामावरून आले की बाहेरच अंघोळ करून आत येत.

ताई गेल्यावर मीच म्हटलं, “आता तरी घरात फवारा.” त्यांनी पंप भरला आणि ओट्यापाशी जाऊन, मागे न बघता म्हणाले, “तू जरा बाहेर जाऊन बस.”

मी आधीपासून बाहेर दारातल्या पायरीवरच बसले होते; घरात दुसरं कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं आतून चपलेच्या फटक्यांचा आवाज आला.