चिंधीदेवीच्या दोन गाठी

राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर आमच्या राज्यातून तोडलं, त्या सालची गोष्ट. सौंसरचा बाजार करून आम्ही नवराबायको बैलबंडीनं घरी येत होतो. रस्त्यात चिंधीदेवीची बाभूळ लागते. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून येणारा-जाणारा तिथं अंगावरल्या कपड्याची चिंधी बांधतो. बायको दोन बांधायची, एक माझ्या नावाची.

"एखाद दिवस तुम्हीबी उतरा ना जी!"

"मंग बैल काय तुही देवी धरन?"

ती हसली. पदर फाडून तिनं दोन गाठी मारल्या.

घरी आल्यावर तिला हगवण-ओकारी लागली. दुसऱ्या दिवशी गेली, संध्याकाळी जाळून आलो.

सकाळी बंडी जुंपली. बाभळीपाशी उतरून तिच्या लुगड्याची चिंधी बांधली. माझी नाही बांधली, मला कुठं जायचं होतं? कासरा कोणी धरला नव्हता, तरी तेवढा वेळ बैल जागचे हलले नाहीत.