दुसरी वेलांटी

पाटीवाला पेंटर ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत भलताच कडक. दुकानाची पाटी रंगवायला घेतली की आधी गिऱ्हाइकाच्या चुका काढायचा, तेही चारचौघांत. कचेरीने भुरट्या चोरांना ‘मी चोर आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून चौकात उभं करायचं ठरवलं, तेव्हा ते कामही त्याच्याकडेच आलं. अक्षर असं टपोरं, की रस्त्यापलीकडून वाचावं. वीसेक पाट्या झाल्या, पण त्या घालून उभी राहिलेली माणसं बघायला तो एकदाही गेला नव्हता.

सोमवारी सकाळी शिपाई कोरी पाटी घेऊन आला. “उद्या दहा ते बारा. शिवणाच्या कारखान्यातल्या बाई आहेत. पिशवीत दोऱ्याची दोन रिळं सापडली, कबूल केलंय त्यांनी.” मग मान खाली घालून म्हणाला, “तुमची ताई.”

आई गेल्यावर पेंटरला वाढवलं ताईने, हात धरून अक्षर गिरवायला शिकवलं तेही तिनेच. तो धावत कचेरीतल्या साहेबाकडे गेला, हातापाया पडला. “नियम सगळ्यांना सारखा,” साहेब म्हणाला. घरी येऊन तो बसला, उठला, धुतलेला ब्रश पुन्हा धुतला. नाही म्हणावं तर दुसरं कुणीतरी रंगवणारच. असली शिक्षा काढणाऱ्या डोक्याचा त्याला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या टपोऱ्या अक्षराचा.

मंगळवारी तो पहिल्यांदाच चौकात गेला. ताई उभी होती, नजर पायाशी. छातीवर ठसठशीत अक्षरं: ‘मि चौर आहे’.

“अरे, हा चौर कोण?” कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा पिकला. “आम्हाला शिकवतो होय रे! धरा त्या पेंटरला!” किराणावाला, न्हावी, ज्यांच्या ज्यांच्या चुका त्याने काढल्या होत्या, ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. ताईकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. शिपायाने नवी पाटी मागितली. “रंग वाळायला दोन तास लागतात,” पेंटर म्हणाला. तोवर बारा वाजले.

घरात आल्यावर ताईने विचारलं, “मी-ची वेलांटी कितवी?”

“दुसरी.”

“आणि चोराला मात्रा किती?”

“एक. घाई झाली गं, ताई.”

तिने त्याचा कान धरला, लहानपणी धरायची तसाच, पण पिळला नाही. धरून तशीच रडत राहिली.