आठ जणींमधली नववी

ओदिल केर्ब्रा अकरा वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, पोरीच्या पाठीचा कणा वाकतोय, पोहायला घाला. तिची आई फ्रान्समधल्या लोरियां बंदरावर मासळी साफ करायची. संध्याकाळी एकीच्या अंगाला सार्डिनचा वास, दुसरीच्या क्लोरीनचा. "घरात मांजर असतं तर त्याचं डोकंच फिरलं असतं," आई म्हणायची.

शर्यतीत ओदिलचा जीव रमला नाही. तिला ओढ लागली ती पाण्याखालची. डोकं खाली, पाय वर केले की तलावाचा तळ आभाळासारखा निळा होऊन पसरायचा. पाण्यातल्या स्पीकरचं संगीत कानांपेक्षा बरगड्यांनाच जास्त ऐकू यायचं.

विसाव्या वर्षी जलनृत्याच्या राष्ट्रीय संघात तिची निवड झाली. पण राखीव म्हणून. संगीतावर अगदी एकसारख्या पोहायच्या आठ जणी, ही नववी.

"ओदिल, कुणाच्या जागी पोहता येतं तुला?" प्रशिक्षिका मादाम रोझलीननी विचारलं.

"आठही जणींच्या, मादाम."

"म्हणजे स्वतःची जागा एकही नाही," आठ जणींतली बेरांजेर फिसकन हसली.

चार वर्षं प्रत्येक स्पर्धेत ओदिलनं इतर जणींसारखंच, केस पाण्यात विस्कटू नयेत म्हणून, त्यांना जिलेटिन थापलं, टिकल्यांचा पोशाख चढवला आणि काठावर बसून राहिली. मग गरम पाण्याखाली उभी राहून ते कोरडं जिलेटिन अर्धा अर्धा तास सोडवत बसायची.

सेव्हिलच्या स्पर्धेत अंतिम फेरीच्या सकाळी बाकीच्या नाश्त्याला गेल्या होत्या. संघाचं संगीत सांभाळणारे म्हातारे ल्युसियां टेप तपासत होते. "पोरी, जरा पाण्यात उतर आणि खाली नीट ऐकू येतंय का सांग."

ती उतरली. संगीत सुरू झालं आणि तिनं अख्खी रचना पोहून काढली. सात जणींच्या जागा तिनं पाण्यात मोकळ्या ठेवल्या. त्यांच्या हातांसाठी हात पुढे केले. तिला उचलून वर फेकण्याची वेळ आली तेव्हा खाली कुणीच नव्हतं. ती अलगद बुडाली, आकडे मोजत थांबली आणि बरोबर ठोक्यावर वर आली. अंगावरून उन्हाचे तुकडे वाहत गेले.

डोकं बाहेर काढलं तर काठावर सगळ्या उभ्या, हातात पाव तसेच.

"मला धरायला हात पुढे केलास ना आत्ता?" बेरांजेरनं विचारलं.

"हो. तू तिथेच असतेस."



त्या दिवशीही ओदिल बाकावरच बसली. पण पुढच्या वसंतात बेरांजेरचा खांदा कायमचा दुखावला. ती स्वतः मादामकडे गेली आणि म्हणाली, "दुसरी कुणी शोधू नका."

ओदिल तिच्या जागी दोन हंगाम पोहली. पदक काही मिळालं नाही. पाचव्या क्रमांकापुढे संघ गेलाच नाही. एकदा आई नवा कोट घालून पॅरिसला बघायला आली. संपल्यावर ओदिल ओल्या अंगानं धावत गेली.

"कशी पोहले गं मी?"

आई ओशाळली. "रागावू नकोस हं. खूप डोळे ताणले, पण त्यांतली तू कुठली, ते शेवटपर्यंत कळलंच नाही बघ."

ओदिल तिच्या गळ्यात पडून हसत हसत रडली. याहून मोठी शाबासकी तिला कुणी दिली नव्हती.