मामांचं खेचरखातं

दुसरं महायुद्ध कोणी जिंकलं याबद्दल साऱ्या जगाचं एकमत असेल. माझ्या बायकोच्या मामांचं नाही. मामा औशाजवळच्या खेड्यात राहतात, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेत, आणि त्यांच्या मते ते युद्ध खेचरांनी जिंकलं. सेनापतींची नावं त्यांना ठाऊक नाहीत आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. पण ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूला चाहूल लागू नये म्हणून खेचरांचा आवाज घशात सुरी घालून कसा बंद करत, हे ते पंगतीत वरणभात कालवता कालवता इतक्या बारकाईनं सांगतात की शेजारचे दोघं अर्ध्या पानावरून उठतात. मामा सावकाश जिलेबी मागून घेतात.

लातूरच्या एका लग्नात, शिपाई पायांना पट्ट्या कशा गुंडाळत हे दाखवायला त्यांनी आहेरातली दोन उपरणी उचलली आणि नवरदेवाच्या काकांचे पाय आवळले. अक्षता टाकायला काकांना धरून न्यावं लागलं. फौजेतलं बिस्कीट कसं असे ते मला कळावं म्हणून एकदा मामींकडून ज्वारीची भाकरी पंधरा दिवस उन्हात वाळवून घेतली. माझी दाढ हलली.

"दाढच ना?" मामा म्हणाले. "माझ्या बापाचे तीन दात गेले, जावईबापू. तरी खेचराला हरभरा आधी घालायचा."

हे वडील पलटणीत खेचरवाले होते, आणि मामांच्या साऱ्या वेडाचं मूळ तिथं आहे. गावच्या वेशीत एका दगडावर लढाईला गेलेल्यांची नावं आहेत. त्यात वडिलांचं नव्हतं. ते नाव आपले डोळे मिटायच्या आत तिथं बघायचं, एवढी एकच इच्छा मामांनी जन्मभर धरली. नवा सरपंच आला की पहिल्याच आठवड्यात मामा दारात हजर.

"बंदूक चालविली का तुमच्या बापानं?" एकानं विचारलं होतं.

"न्हाई. पर गोळ्या काय पाखरांनी पोचविल्या?"

यंदाच्या सरपंचबाईंनी मात्र मनावर घेतलं. पंधरा ऑगस्टला दगड नवा झाला. मामा इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभे. पडदा सरकला. शेवटच्या ओळीत वडिलांचं नाव, आणि त्यापुढे 'सैनिक'.

"हे काय लिवलं, बाई?"

"मान वाढविला की, मामा! खेचरवाला बरं दिसत न्हाई."

टाळ्या पडल्या. बाईंनी मनापासून केलं होतं, मामांनी हात जोडले. घरी आल्यावर इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला टांगला. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "सैनिक लई व्हते. आता माझ्या बापाला वळखावं कसं?"

तेव्हापासून ते रोज सकाळी वेशीत जाऊन त्या शब्दापुढे खडूनं 'खेचरवाला' लिहितात. पाऊस पुसतो, शेळ्या अंग घासतात, मामा पुन्हा लिहितात. मी आणि बायको यावर पोट धरून हसलो आहोत, खोटं कशाला सांगू? मागच्या महिन्यात गेलो तर मामांचे गुडघे वाकेनात, आणि शेवटची ओळ पार जमिनीलगत. त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला.

"अक्षर जरा मोठं काढा, जावईबापू."

मी धुळीत गुडघे टेकले आणि लिहू लागलो. मामा मागे उभे राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते. शेवटचं अक्षर वाचायच्या जागी त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मला मागे वळून बघवेना.