एक बोट जास्तीचं

भूतबीत, संकेतबिंकेत... छे! मी इंजिनियर बाई, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून तर हे सांगायला इतकी वर्षं लावली.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. बडोद्यात अलकापुरीत आमचं डिझाइन ऑफिस होतं. एका केमिकल प्लांटचं काम तीन गावांत वाटलेलं – शिड्या पुण्याकडे, पाइप चेन्नईकडे, टाक्या आमच्याकडे. माझा धाकटा भाऊ शिरीष त्याच प्लांटवर ऑपरेटर म्हणून लागणार होता. मीटिंग स्पीकरफोनवर, इंग्रजीतून. एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, म्हणून आमची एक पद्धत होती – ड्रॉइंगवर ज्या जागेबद्दल बोलायचं, तिथे सगळ्यांनी बोट ठेवायचं. दोन्हीकडून "येस" आलं की पुढे.

त्या दुपारी शेवटची मीटिंग होती. खोलीत मी आणि आमचे ड्राफ्ट्समन मेहताभाई, दोघंच. जेवणाची सुस्ती, खिडकीत कडुलिंबाची सावली हलतेय, फोनमधून समुद्रासारखी घरघर... मी टाकीच्या माथ्यावर बोट ठेवायला सांगितलं. पुणे – येस. चेन्नई – येस. आणि मग एक बाई शांतपणे मराठीत म्हणाली, "मीही ठेवलंय. माझं शिडीवर आहे. वाफ तोंडावर येतेय हो..."

"आ कोण बोल्युं, बेन?" मेहताभाई दचकले.

"पुण्याचं असेल कुणी," मी म्हटलं.

पण मला चैन पडेना. पुण्याची शिडी आणि चेन्नईचा पाइप वेगवेगळ्या शीटवर होते. दोन्ही ट्रेसिंग एकावर एक धरून मी खिडकीच्या काचेला लावली. अगं बाई! सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपचं तोंड नेमकं शिडीकडे! एवढे आम्ही शहाणे, पण शीट एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या. पाइप फिरवून घेतला.

प्लांट सुरू झाला आणि एका सकाळी तो व्हॉल्व्ह उडाला. शिरीष तेव्हा शिडीवरच होता.

"ताई, वाफ पलीकडून गेली गं. इकडे आली असती तर..." घरी चहा पिताना तो एवढंच बोलला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

काम संपल्यावर पार्टीत तिन्ही गावची माणसं पहिल्यांदाच भेटली. पुण्याच्या टीममध्ये एकही बाई नव्हती. चेन्नईचे रामन तर मलाच विचारायला लागले – तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई कुठे आहेत? बडोद्याच्या असून तमिळ काय सुरेख बोलल्या!

"तमिल क्यांथी?" मेहताभाई म्हणाले. "ए तो चोख्खुं गुजराती बोलती हती!"

आता व्हिडिओवर सगळ्यांचे चेहरे दिसतात. तरी मी स्क्रीनवर बोट ठेवायला लावते, पोरं हसतात. सगळ्यांचं "येस" आलं तरी मी जरा थांबते... ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. पण तिला काही बोलायचं असेल, तर कुणीतरी थांबायला हवं ना.